'जाऊन येतो' : रोजची वाक्ये आणि जपानी भाषा
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त धामनोद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धामनोदच्या बसस्थानकावर इंदूरकडे जाणारी गाडी लागली, की निरोपाची ठरावीक वाक्ये कानी पडतात. हिंदी बोलणारा 'अच्छा, चलता हूँ' म्हणतो. मराठी घरातला माणूस 'येतो' म्हणतो. निघाला आहे तो, पण 'जातो' हा शब्द तोंडातून काढत नाही. 'जातो' म्हणू नये, हे लहानपणीच घरात कोणीतरी दटावून शिकवलेले असते. फार तर 'जाऊन येतो' म्हणेल, आणि पोहोचवायला आलेली मंडळी 'जाऊन या' म्हणतील.

याच प्रसंगी जपानी घरातून बाहेर पडणारा माणूस 'इत्ते किमास' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो. घरातले उत्तर देतात, 'इत्ते इराश्शाइ'. 'इराश्शाइ' हे 'येणे' या क्रियेचे आदरार्थी आज्ञार्थक रूप. म्हणजे शब्दाला शब्द ठेवून 'जाऊन या'. जपानी शिकणारा विद्यार्थी मात्र हे वाक्य बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तकातून घेतो. तिथे 'आय अ‍ॅम गोइंग' असे लिहिलेले असते. तो मनाशी भाषांतर करतो आणि 'इकिमास', म्हणजे 'जातो', असे म्हणून मोकळा होतो. व्याकरणात चूक नाही. पण जी गोष्ट त्याच्या आजीने त्याला वर्ज्य म्हणून शिकवली, तीच तो परक्या भाषेत निर्धास्तपणे करून बसतो, आणि आपले कोठे चुकले हे त्याला कळत नाही, कारण इंग्रजीत ते चुकलेलेच नाही.

जपानी भाषेचा विषय धामनोदसारख्या निमाडी गावी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर फार दूर नाही. गुजरीवरून मानपूरचा घाट चढून गेले की पुढे याच धार जिल्ह्यात पीथमपूर आहे. १९८० च्या दशकात तिथे जपानी सहकार्याचे कारखाने उभे राहिले. मित्सुबिशीच्या सहकार्याने आयशरचे हलके ट्रक १९८६ पासून तिथे तयार होऊ लागले. त्याच दशकात पुण्याच्या फिरोदियांची किनेटिक होंडा स्कूटर तिथूनच रस्त्यावर आली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिजस्टोनचे टायर आले. धामनोदवरून खलघाटाकडे उतरणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यावर 'कँटर' हे नाव ज्याने वाचले नसेल असा माणूस विरळा. त्या नावाबरोबर माणसेही आली, आणि माणसांबरोबर भाषा. आता तर चित्र आणखी पुढे गेले आहे. जपानने २०१९ साली परदेशी कुशल कामगारांसाठी निराळी निवासपद्धती सुरू केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत करार केला. रुग्णसेवा, वृद्धांची शुश्रूषा, यंत्रकाम, शेती अशा कामांसाठी जाणाऱ्याला भाषेची परीक्षा द्यावी लागते. जपानी भाषाप्रावीण्याची परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मूल आज शाळेत हिंदी बोलते, महाविद्यालयात इंग्रजी शिकते, आणि मराठी आजीपुरती राखून ठेवते. जपानी शिकायला बसताना ते इंग्रजीला वाटाड्या करते आणि घरातली भाषा बाहेरच सोडून वर्गात शिरते. नेमके इथेच त्याचे नुकसान होते.

साधा चहाचा प्रसंग घ्यावा. पाहुणा आला आहे. इंग्रजीत 'डू यू वॉन्ट टी' असे विचारले जाते. विद्यार्थी त्याचे जपानी करतो : 'ओचा ओ नोमिताइ देस का'. याचा अर्थ, तुम्हाला चहा प्यावासा वाटतो आहे का? वडीलधाऱ्या पाहुण्याला असे विचारणे जपानात उद्धटपणाचे ठरते. समोरच्याच्या इच्छेत थेट हात घालू नये, हा तिथला संकेत. मग काय म्हणावे? 'ओचा ओ नोमिमासेन का', म्हणजे 'चहा घेणार नाही का?' नकारार्थी प्रश्नातून आमंत्रण. हे मराठी माणसाला शिकवावे लागते काय? 'आता जेवल्याशिवाय जाणार का?', 'बसणार नाही का जरा?' ही वाक्ये घरोघर रोज उच्चारली जातात. 'चहा हवा का?' असे विचारणाऱ्या सुनेला पूर्वीच्या सासूबाई नंतर आत बोलावून काय सांगत, हे अनेकींना आठवत असेल. पाहुणा 'नको' म्हणणार हे ठाऊक असताना 'हवा का' म्हणून विचारायचे नसते. 'घेणार ना?' म्हणायचे, आणि आधण ठेवायचे. हा सगळा शिष्टाचार मराठी विद्यार्थ्याच्या गाठीशी असतो; इंग्रजी वाक्य मध्ये आले की तो पुसला जातो.

आता 'मला' या शब्दाकडे यावे. इंग्रजी 'आय हॅव', 'आय लाइक', 'आय वॉन्ट', 'आय सी' या चारही ठिकाणी कर्ता ठामपणे पहिल्या जागी बसलेला असतो. मराठीत तो नम्र होऊन 'मला' होतो : मला दोन भाऊ आहेत, मला चहा आवडतो, मला पाणी हवे, मला डोंगर दिसतो. जपानीतही डोंगर, पाणी, चहा हेच वाक्याचे कर्ते होतात. 'यामा गा मिएरु' : डोंगर दिसतो. 'कोए गा किकोएरु' : आवाज ऐकू येतो. बघणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे या जोड्या जपानीत जशाच्या तशा आहेत. 'आय कॅन हिअर' वरून निघालेला विद्यार्थी 'ऐकू शकतो' असे काहीतरी रचतो; 'ऐकू येते' वरून निघालेला एका पावलात पोहोचतो. 'त्सुकुए नो उए नि होन् गा आरिमास' या वाक्याचे मराठी करायला डोकेसुद्धा वर उचलावे लागत नाही : टेबलाच्या वर पुस्तक आहे. 'काल वाचलेले पुस्तक' हे 'किनो योन्दा होन्'. इथे हिंदीचीही सवय आड येते, कारण हिंदी बोलणाऱ्याच्या ओठावर 'जो किताब कल पढ़ी थी' अशी लांबण येते. मराठीने ती 'वाचलेले' या एका रूपात मिटवली आहे.

(आहे-नाहीच्या बाबतीत एक गंमत मात्र नव्याने शिकावी लागते. जपानीत निर्जीव वस्तूसाठी 'आरु' आणि सजीवासाठी 'इरु' असे दोन निराळे 'असणे' आहे. ट्रक निर्जीव, म्हणून 'आरु'. पण चालक बसला आहे, गाडी निघण्याच्या बेतात आहे, अशा वाहनाला जपानी माणूस 'इरु'ही म्हणतो. धामनोदच्या ढाब्यांसमोर रात्री उभ्या असलेल्या ट्रकांपैकी कोणता 'आरु' आणि कोणता 'इरु', हे ओळखण्याचा खेळ विद्यार्थ्यांनी खुशाल खेळावा.)

खरी श्रीमंती पुढे आहे. मराठीतील 'ऊन' प्रत्यय आणि जपानीतील 'ते' हे रूप यांचे काम एकच : ताबेते, खाऊन, योन्दे, वाचून, कात्ते, विकत घेऊन. आणि त्याला जी लहान क्रियापदे जोडून रोजच्या बोलण्यात रंग भरला जातो, तीही दोन्ही भाषांनी जणू ठरवून सारखीच निवडली आहेत. मिरु म्हणजे बघणे. 'ताबेते मिरु', खाऊन बघणे. ओकु म्हणजे ठेवणे. 'कात्ते ओकु', घेऊन ठेवणे. मोत्ते कुरु, घेऊन येणे. मोत्ते इकु, घेऊन जाणे. आभाळ भरले, दिवसा काळोख दाटला, तर इंग्रजीत नुसते 'इट गॉट डार्क'. मराठीत 'अंधारून आले'. जपानीत 'कुराकु नात्ते किता', आणि त्यातले 'किता' म्हणजे 'आले'. तो काळोख बोलणाऱ्याच्या दिशेने चालत आलेला आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे 'येणे' कोठून आले ते समजावून सांगण्यात तास जातो.

इंग्रजी 'ट्राय' या शब्दाने तर हमखास फसगत होते. 'आय ट्राइड द विंडो' असे कोणी म्हटले, तर खिडकी उघडली की नाही? मराठीत ही शंका उरत नाही. 'खिडकी उघडून बघितली' म्हणजे उघडली, आणि उघडल्यावर काय होते ते पाहिले. 'खिडकी उघडायला गेलो, पण उघडेना' म्हणजे प्रयत्न फसला. जपानीत पहिले 'मादो ओ आकेते मिता' आणि दुसरे 'आकेयो तो शिता गा, आकानाकात्ता'. 'प्रयत्न करणे' एवढाच अर्थ वहीत उतरवून घेतलेला विद्यार्थी दोन्हीकडे 'आकेते मिता' लिहितो, आणि बंद खिडकी त्याच्या वाक्यात उघडी पडते.

हे साम्य रक्ताचे नव्हे, हे सांगितले पाहिजे. जपानी आणि मराठी या एका कुळातल्या भाषा नाहीत. उत्साहाच्या भरात तसे नाते जोडणाऱ्यांपासून सावध राहावे. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या, नामामागून प्रत्यय व शब्दयोगी अव्यये लावणाऱ्या भाषांची घडण पुष्कळ बाबतींत सारखी होते. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली भारतीय भाषाक्षेत्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात असे काही गुणधर्म भारतातून मध्य आशियामार्गे कोरिया-जपानपर्यंत पसरलेले दाखवले आहेत. टोकियोच्या राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाविज्ञान संस्थेत संशोधन करणारे मराठी भाषक अभ्यासक प्रशांत परदेशी यांनी जपानी व मराठी क्रियापदांची तुलना बारकाईने केली आहे. वर्णमालेचा धागा मात्र खरोखर ऐतिहासिक आहे. जपानी अक्षरे आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमाने लावली जातात. बौद्ध भिक्षूंनी जपानात सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला. जपानी कोशात शब्द शोधणारा मराठी मुलगा आपल्याच बाराखडीच्या गल्लीतून चाललेला असतो.

उच्चारातही एक ठेवा आहे. 'त्सुनामी'चा पहिला वर्ण म्हणजे 'चूल' आणि 'चाक' यांतील दंततालव्य च. हिंदीत तो नाही. माळव्यातल्या मराठी मुलांच्या तोंडून तो हळूहळू जातो आहे. 'चाक' आणि 'चमचा' यांचा उच्चार ती 'चहा'तल्या च ने करू लागली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो सुधारायचेही सोडून दिले आहे, कारण 'काय अडते त्यावाचून?' जपानीच्या वर्गात अडते. 'त्सुकुए' म्हणताना अडते. 'चूल' जिला येते तिला 'त्सु' आयता येतो.

मराठीचा हात धरून किती दूर जाता येते, हे पाहिले. पण हा हात एका वळणावर सुटतो, आणि जिथे सुटतो तिथे पडणाऱ्याला जास्त लागते, कारण तो विश्वासाने चालत असतो.

'देणे' या क्रियेचे जपानीत दोन भाग होतात : माझ्याकडून बाहेर जाते ते 'आगेरु', माझ्याकडे येते ते 'कुरेरु'. सरावाने हे जमते. दुसऱ्याच्या मनातले बोलताना मात्र जास्त जपावे लागते. 'आजोबांना दुखते आहे' हे मराठीत सरळ वाक्य आहे. जपानीत दुसऱ्याचे दुखणे आपल्याला थेट ठाऊक असू शकत नाही, असा भाषेचाच आग्रह आहे. 'दुखते असे ते म्हणतात' किंवा 'दुखत असावेसे दिसते' असे म्हणावे लागते. 'दुखते आहे म्हणे' यातले आपले 'म्हणे' इथे उपयोगी पडते, हे खरे. वृद्धांच्या शुश्रूषेला जाणाऱ्या मुलींना हा बारकावा पहिल्याच आठवड्यात लागतो. त्याच कामात दुखण्याचे शब्दही लागतात : ठणकते ते 'झुकिझुकि', टोचते ते 'चिकुचिकु', चुरचुरते ते 'हिरिहिरि'. ज्या भाषेत ठणठण, चुरचुर, धडधड, भगभग आहे, त्या भाषेतल्या मुलीला हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. एकदा ऐकले की ते अंगात भिनतात.

कप फुटण्याचे उदाहरण अधिक नाजूक आहे. दुसऱ्याच्या घरी हातातून कप निसटला. मराठी माणूस ओशाळून म्हणतो, 'माझ्या हातून कप फुटला.' यात नम्रता आहे, अपराधाची जाणीव आहे. त्याचे शब्दशः जपानी होते 'कोप्पु गा वारेमाशिता', कप फुटला. ऐकणाऱ्याला वाटते, हा जबाबदारी झटकतो आहे. कप काय आपोआप फुटला? जपानी माणूस अशा वेळी म्हणतो, 'कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता'. याचे उलट मराठी करावे तर होते, 'कप फोडून टाकला', आणि मराठी कानाला ते मुद्दाम केलेले, उर्मट वाटते! 'शिमाउ' या एका क्रियापदात 'टाकणे'चा निकाल आहे आणि 'करून बसणे'चा पश्चात्तापही आहे. मराठीने ही दोन कामे दोघांत वाटून दिली आहेत. म्हणून 'शिमाउ' म्हणजे 'टाकणे' असे वहीत लिहून ठेवणारा विद्यार्थी माफी मागताना ते वापरायला धजत नाही, आणि नम्र राहण्याच्या धडपडीत बेजबाबदार ठरतो.

सर्वांत अवघड वळण आपल्या माणसांविषयी बोलण्याचे. मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो. वडील हे वडीलच. घरात, दारात, परक्यापुढे, फोनवर, सगळीकडे 'बाबा बाहेर गेले आहेत'. 'बाबा गेला आहे' असे म्हणणारा मुलगा कोणाच्याही पुढे उर्मटच ठरेल. जपानीत आदर माणसाला चिकटत नाही. तो बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधल्या उंबरठ्यावर ठरतो. उंबरठ्याच्या आतली सगळी माणसे बाहेरच्यापुढे लहान करून सांगायची. वडिलांना समोरासमोर 'ओतोसान' म्हणायचे, बाहेरच्यापुढे 'चिचि'. थोरला भाऊ घरात 'ओनिसान', बाहेरच्यापुढे 'आनि'.

कचेरीत तर ही कसोटीच लागते. तानाका नावाचे साहेब आहेत अशी कल्पना करावी. हाताखालच्या मराठी कारकुनाने आयुष्यात कधी साहेबांचे नाव 'साहेब' लावल्यावाचून घेतलेले नाही. बाहेरच्या कंपनीतून फोन येतो. त्याने म्हणायचे असते, 'तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमास'. नावापुढे 'सान' नाही, हुद्दा नाही, आणि 'ओरु' हे स्वतःकडे लहानपण घेणारे क्रियापद. मराठीत ते ऐकू येते ते असे : 'तानाका बाहेर गेलाय.' साहेब शेजारच्या टेबलावर बसून ऐकत असले तरी हेच म्हणायचे. जीभ रेटत नाही. बहुतेक नवशिके 'तानाका-सान' म्हणून जातात, आणि ज्यांना खूश करायचे त्या साहेबांनाच बाहेरच्यापुढे संकोचात टाकतात. 'या गरिबाच्या घरी', 'फूल ना फुलाची पाकळी' अशी मराठीतही स्वतःला खाली घेणारी बोली आहे, पण ती घराला आणि भेटवस्तूला लागू होते, वाडवडिलांना नाही. भेट पुढे करताना जपानी माणूस 'त्सुमारानाइ मोनो देस गा' म्हणतो, क्षुल्लक वस्तू आहे, पण… आणि वाक्य तिथेच सोडतो. हे मराठी माणसाला लगेच पटते. साहेबांचे नाव उघडे घेणे पटायला वर्ष जाते.

त्यातही एक अपवाद आहे. तोच फोन साहेबांच्या पत्नीचा असेल तर उंबरठा सरकतो. आता साहेब 'तिच्या' बाजूचे झाले. मग 'सान'ही लावायचे आणि आदराचे क्रियापदही. फोन उचलल्यावर पलीकडे कोण आहे हे कळण्यापूर्वी वाक्य तयार ठेवता येत नाही.

अशा सर्व ठिकाणी वहीत दोन रकाने पुरत नाहीत. इंग्रजी आणि जपानी यांच्यामध्ये एक तिसरा रकाना आखावा लागतो, आणि तो मराठीत भरावा लागतो. माळव्यातल्या मुलाची गंमत अशी, की तो रकाना भरताना त्याला जपानीइतकेच अडखळायला होते. 'तिकीट आधीच घेऊन ठेवतो' असे तो लिहितो, कारण हिंदीत 'टिकट ले लिया' असते. आजीला विचारले तर ती सांगते, तिकीट 'काढून' ठेवायचे असते. 'घेऊन' ठेवायची ती भाजी. मुलगा कोश उघडतो. जपानीत तिकिटासाठी 'काउ', विकत घेणे, आहे. शिवाय 'तोरु'ही आहे, म्हणजे हात पुढे करून घेणे, मिळवणे, काढून घेणे. तो मधल्या रकान्यातला शब्द खोडतो आणि आजीने सांगितलेला लिहितो.